पायपुसणं

महाप्यात, खाली खोक्यांचा कारखाना असलेल्या इमारतीत,
दुसऱ्या मजल्यावर बसून
मी पाय पुसतो.
म्हणजे असं, की चौफेर बघणारा कॅमेरा
तीन पायांवर उभा असतो.
त्याला वर आभाळ दिसतं, चारी दिशा दिसतात,
आणि खाली मान घातली की स्वतःचे पाय.
ते पुसायचे, तिथे जमीन भरायची.
पगार त्याचाच.

या खेपेस जमीन नव्हती, चिखल होता.
दिवाळ्याची खाडी, सुकती लागलेली, सकाळचे सहा चाळीस,
आणि माझी आते धाकूबाय
कमरेला टोपली, हातात आकडा घेऊन
तिवरांच्या मुळ्यांत चिंबोरीचं बीळ चाचपत.
धडा केनियाच्या किनाऱ्यावरच्या एका शाळेसाठी.
तिथेही तिवर आहेत, तिथेही चिखल.
डोळ्यांवर चष्मा बांधला
की पोरं आमच्या खाडीत गुडघाभर उतरणार,
कोरडीच्या कोरडी.

आते बोलत होती, पण कॅमेऱ्याशी नाही.
"बारकी हायस गो, जा घरा."
सोडलेली चिंबोरी तिरकी तिरकी गेली.
भाषांतर करणाऱ्या बाईंचा मला फोन:
घरी नक्की कोणाला पाठवतायत त्या?

मग ऑफिसातून यादी आली.
डावीकडचे तीन टॉवर काढणे.
पूल काढणे.
वाहून आलेल्या पिशव्या, थर्माकोल काढणे.
विमानाचा आवाज काढणे.
गाव गावासारखं दिसावं.

पहिला टॉवर पुसला.
त्या जागी आभाळ ओतलं, शेजारच्याच आभाळाची नक्कल.
तो उभा आहे तिथे आमचं खाजण होतं.
बापाला अठरा वर्षं कोर्टात जमलं नाही
ते मी माउसने अकरा मिनिटांत केलं,
आणि चहा प्यायला खाली उतरलो.

रविवारी चष्मा घेऊन आतेकडे गेलो.
ओट्यावर, प्लास्टिकच्या खुर्चीत, दोन्ही हात मांडीवर
फोटोला बसावं तशी बसली.
वर बघितलं. उजवीकडे बघितलं.
डावीकडे वळली आणि थांबली.
"टावर कनं गेला?"
काढला, म्हटलं.
"खरा?"
नाही गं.
खूप वेळ ती त्या नकली आभाळाकडे बघत राहिली.
"मंग ठेव त्याला. तिकरं कोन नकाशा घेऊन आला
तं पोरींना वलखाया नको?"
आणि खाली बघून एकदम ओरडली,
"आरं, माजं पाय!"
शेजारची पोरं हसली.
पाय मीच पुसले होते.

धडा गेला तो टॉवरसकट, विमानासकट.
साहेबांना सांगितलं, फाइल बिघडली, वेळ नाही.
ही माझी बंडखोरी एवढीच, आणि तीही खोटं बोलून.

महिन्याने तिकडून आवाज आले.
वर्गात एकच चष्मा, एकतीस पोरं, पाळीपाळीने.
मास्तर सांगतायत पुढे बघा, बाईंचे हात बघा.
पोरं मागे वळतात.
म्वानाशा नावाच्या मुलीने विचारलं,
पाण्यात उभ्या त्या उंच घरांना
भरती कधी येते ते माहीत आहे का?
आणि बाईंनी ज्याला घरी पाठवलं
तो पोचला का?

हे आतेला वाचून दाखवलं.
तिने फक्त दुसऱ्याच प्रश्नाला मान हलवली.
मग म्हणाली, त्यांच्यात चिखलाला काय म्हणतात?
मातोपे.
"माती तं हाय त्याच्यान. नि चिंबोरीला?"
का.
"का म्हंजे?"
चिंबोरीला का म्हणतात, आते. का.
टोपली घासता घासता ती इतकी हसली
की ओट्यावर बसावं लागलं.

आता बिळात कोपरापर्यंत हात घालून
ती आत विचारते, का?
आतून उत्तर येत नाही.
कधी डेंगा येतो.
मागे चौथ्या टॉवरचं काम सुरू आहे.